मी फुलदाणी नाही, चक्की आहे!

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते. मी फुलदाणी नाही. माझ्या डोक्यात कोणी कितीही कौतुकानं फुलं खोचली, तरी मी एक जुनी हातचक्की आहे. ओतीव लोखंडाची, अंगानं वजनदार आणि स्वभावानं तापट. तापट का, ते पुढे कळेलच तुम्हाला.

माझी घडण साधी आहे. वर दाणे टाकायची वाटी, पोटात दळणारे पोलादी दाते, बाजूला लाकडी मुठीचा दांडा, पुढे पीठ पडायची चोच आणि तळाशी टेबलाच्या कडेला आवळायचा मोठा स्क्रू. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं हौसेनं माझ्या अंगावर एक वेलही काढली होती. ती कधीच झिजून गेली. दाते मात्र अजून शाबूत आहेत. खोटं वाटत असेल तर बोट घालून बघा. नको, राहू द्या, उगाच माझ्या नावानं बोंब नको.

मी कामाला लागले ती एका न्हाव्याच्या दुकानात. ऐकून हसू नका. आमच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणत. गिऱ्हाईक दारात आलं की उस्ताद आधी मूठभर कॉफीच्या बिया माझ्या वाटीत टाकायचे आणि घरघर दांडा फिरवायचे. त्या वासानं समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघायची. "आधी कॉफी, मग कात्री," असा त्यांचा खाक्या होता. एक मास्तर तर दर आठवड्याला केस कापायला यायचे, आणि त्यांच्या डोक्यावर मोजून मूठभरसुद्धा केस नव्हते! उस्ताद गंभीर चेहऱ्यानं त्यांच्या टकलाभोवती कात्री वाजवायचे आणि मास्तर मजेत दुसरा कप मागायचे. काय दिवस होते ते! मी एक दिवस थंड पडून राहिले नाही.

उस्तादांना चेहऱ्याचं फार होतं. दुसऱ्याच्या आणि स्वतःच्याही. दाढी रोज गुळगुळीत, मिशीचं टोक जागच्या जागी. म्हातारपणी एकेक करत सगळे दात गेले, तेव्हा त्यांनी गुपचूप कवळी करून आणली आणि घरी सांगितलं, "दोन दाढा बसवून घेतल्या." घरच्यांनी विश्वास ठेवला. मग हात थरथरायला लागला. वस्तरा धरलेला हात थरथरला म्हणजे संपलंच. कोणी काही म्हणायच्या आत उस्तादांनी स्वतःच दुकानाला कुलूप लावलं, आणि मला काखोटीला मारून घरी आणलं.

घरी त्यांचा मुलगा आणि सून. दोघंही नोकरी करणारी, कष्टाळू, मनानं चांगली. त्यांच्याविरुद्ध मला काही बोलायचं नाही. पण सूनबाईनं मला पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, किती छान दिसेल ही शोकेसवर!" झालं! जेवणाच्या खोलीत, हात धुवायच्या बेसिनशेजारच्या फळीवर माझी स्थापना झाली आणि माझ्या वाटीत प्लास्टिकची पिवळी फुलं आली. ज्या वाटीत कॉफीच्या बिया खळाळल्या, त्या वाटीत प्लास्टिक! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पाहुणे आले की म्हणायचे, "व्वा, जुनी वस्तू किती जपून ठेवलीत." धूळ पुसली म्हणजे जपलं का हो? मला काम हवं होतं.

अशात मुलाच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढल्याचे रिपोर्ट आले. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका, रोजचं जेवण सुधारा. तळलेलं कमी करा, भाज्या वाढवा, रोज चमचाभर जवस पोटात जाऊ द्या. सूनबाईनं ते एवढं मनावर घेतलं की विचारू नका. दुसऱ्याच दिवशी जवसाची भली मोठी पिशवी घरात आली. दह्यावर जवस, सूपमध्ये जवस, उकडलेल्या भाजीवर जवस, भातावरसुद्धा जवस! आणि सगळे अख्खे. चपटे, तपकिरी, गुळगुळीत दाणे. "दळले की कस जातो," असं तिचं ठाम मत होतं. मी फळीवरून ओरडत होते, "अगं बाई, याची साल किती चिवट असते! चावून फुटला नाही तर दाणा जसा आत जातो तसाच बाहेर येतो. मग त्याचा उपयोग काय?" पण फुलदाणीचं कोण ऐकतं?

मुलाचं एक वेळ ठीक होतं. त्याचे दात धडधाकट, तो कचाकचा चावायचा. हाल झाले ते उस्तादांचे. ते दाणे घासाबरोबर सरकत थेट कवळीखाली जाऊन बसायचे. वर घास चावायचा, खाली हिरडीत दाणा रुतायचा. दोन घासांत म्हातारा चमचा खाली ठेवायचा. "भूक नाही," एवढं म्हणून उठायचा.

खरं काय ते एकट्या मला माहीत होतं. दुपारी दोघं कामावर गेली की उस्ताद माझ्या शेजारच्या बेसिनपाशी यायचे. घरात चिटपाखरू नसायचं, तरी आधी दाराला कडी लावायचे. मग कवळी काढून नळाखाली धरायचे, टाचणीनं एकेक दाणा उकरायचे, आणि मिठाच्या पाण्यानं चुळा भरताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आरशात मात्र बघायचे नाहीत. ज्या माणसानं उभा जन्म आरशासमोर काढला, तो तोंड फिरवून उभा राहायचा.

सांगून टाकायचं ना? मीही हेच म्हणते. पण सुनेसमोर बोळकं तोंड उघडायचं या विचारानंच त्यांचा जीव जायचा. त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि माणूस उपाशी राहिला की वाळतो, चिडचिडतो, गप्प गप्प होतो. हिरड्या आवळल्या, कवळी आणखी ढिली झाली, दाणे आणखी आत शिरायला लागले. गाल बसले. पँट कमरेवर राहीना.

मुलगा घाबरला. "बाबांचं काहीतरी बिनसलंय. दिवसभर घरात एकटे असतात, जेवत नाहीत. उद्या चक्कर येऊन पडले तर?" सूनबाई ताटातलं उरलेलं झाकून ठेवत होती. शेवटी गावाबाहेरच्या एका वृद्धनिवासाची चौकशी झाली. तिथे नर्स होती, बाग होती, वेळच्या वेळी जेवण होतं. रविवारी जाऊन खोली बघायची आणि पसंत पडली तर बाबांना तिथेच सोडून यायचं असं ठरलं. उस्तादांना विचारलं तर म्हणाले, "तुमची सोय बघा." त्यांनी स्वतःची बॅग स्वतःच भरली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चांगलं धारेवर धरलं असतं तिघांनाही!

रविवार उजाडला. नाश्त्याला दही होतं आणि त्यावर जवसाची नक्षी. उस्तादांनी चमचा उचलला, बघितला, परत ठेवला.

"बाबा, दोन घास तरी खाऊन घ्या," मुलगा म्हणाला. "निघायला हवं."

"राहू दे," सूनबाई म्हणाली. "माझ्या हातचं नाही जात त्यांना. इतके दिवस बघतेय मी. तिथे गेल्यावर तरी पोटभर जेवतील."

उस्तादांनी झटकन मान वर केली.

मित्रांनो, म्हातारा घर सोडायला तयार झाला होता. पण आपल्यामुळे ही पोरगी मनाला लावून घेतेय, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो खुर्ची मागे सारून उठला आणि तरातरा माझ्याकडे आला. मला वाटलं, निरोप घ्यायला आला असेल. पण त्यानं माझ्या डोक्यातली फुलं उपटली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली! मग मला टेबलाच्या कडेला बसवून स्क्रू असा काही आवळला की टेबल करकरलं.

"जवसाचा डबा आण," ते सुनेला म्हणाले.

"बाबा, आता हे काय काढलंत?" मुलगा घड्याळाकडे बघत म्हणाला. "आपल्याला उशीर होतोय."

"तुला होत असेल. तू हो पुढे."

बियांची मूठ माझ्या वाटीत पडली. किती वर्षांनी! उस्तादांनी दांडा धरला. हात थरथरत होता, पण तेवढी थरथर मला चालते, मी काही वस्तरा नाही. एक फेरा झाला, दुसरा झाला, आणि मी अडकले. कच्चे, तेलकट दाणे माझ्या दात्यांना चिकटून बसले.

"मोडेल ती," मुलगा म्हणाला.

मी मोडेन? अरे, तुझ्या जन्माआधीपासून दळतेय मी! पण खरं सांगते, आतून मी टरकले होते. आज दांडा फिरला नाही तर म्हातारा मुकाट्यानं बॅग उचलणार, हे मला दिसत होतं.

सूनबाई जवळ आली. तिनं माझ्या चोचीत डोकावून बघितलं. "कच्चे आहेत ना, म्हणून चिकटतायत. थांबा." तिनं मंद आचेवर तवा ठेवला, मूठभर जवस तडतडेपर्यंत भाजले आणि ताटलीत पसरून गार केले. तोवर उस्तादांनी दाढीच्या जुन्या ब्रशनं माझे दाते लख्ख साफ केले. मग थोडे थोडे दाणे टाकत पुन्हा दांडा फिरवला. आणि मी अशी घरघरले की काय सांगू! चोचीतून भुरभुरीत, खमंग पूड खालच्या वाटीत पडायला लागली. खोलीभर वास सुटला.

"पण बाबा," सूनबाईनं विचारलं, "अख्खे का चालत नाहीत तुम्हाला?"

दांडा थांबला. उस्तादांनी बेसिनकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं. आता हे पुन्हा "भूक नाही" म्हणणार, असं मला वाटलं. पण नाही. तिथेच, भर टेबलावर, मुलासुनेच्या देखत त्यांनी तोंडात बोटं घातली आणि वरची, खालची, दोन्ही कवळ्या काढून तळहातावर ठेवल्या. त्यांचा चेहरा एकदम आत गेला. तळहातावर कवळीला दोन तपकिरी दाणे चिकटलेले होते, आणि उघड्या तोंडात हिरड्या लालबुंद सुजलेल्या.

"तुझ्या हाताला चव आहे गं, पोरी," ते बोबडं बोबडं म्हणाले. "फक्त हे टोचतं."

मुलानं मान खाली घातली. सूनबाईनं मात्र नजर वळवली नाही. ती रडत होती आणि चिडलीही होती. "अहो, जगाच्या गप्पा मारता तुम्ही! आणि एवढं सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

"नव्हतंच ना," उस्ताद म्हणाले आणि हसायला लागले. बोळक्या तोंडानं, खदाखदा. ती पण हसली, डोळे पुसता पुसता. मग तिनं त्यांच्या हातातली कवळी घेतली आणि नळाखाली धरून स्वच्छ धुऊन दिली. इतके दिवस ज्या गोष्टीसाठी दाराला कडी लागत होती, ती तिनं चमचा धुवावा तशी धुतली.

दुसरं दही आलं. त्यात चमचाभर पूड कालवली. हिरड्यांना आराम म्हणून उस्तादांनी कवळी बाजूलाच ठेवली आणि वाटी चाटूनपुसून रिकामी केली. "आणखी आहे का?" त्यांनी विचारलं. सूनबाईनं पातेलंच पुढे ठेवलं.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. वृद्धनिवासातून होता. "हो, हो... नाही, अजून निघालो नाही... बघतो, म्हणजे, नंतर कळवतो," असं तो चाचरत बोलत होता. सूनबाईनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"नंतर वगैरे काही नाही," ती म्हणाली. "खोली नको आम्हाला. आमचे बाबा घरीच राहणार आहेत."

उस्तादांचा चमचा तोंडाशीच थांबला. जिच्यासमोर बोळकं तोंड उघडायला ते इतके दिवस घाबरत होते, तीच हे म्हणत होती.

मित्रांनो, जवसानं चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. मी चक्की आहे, वैद्य नाही. जवस हे रोजच्या जेवणातलं एक साधं, चांगलं बी आहे, इतकंच. भाजून घ्या, दोन-चार दिवस पुरेल एवढंच दळा, नाहीतर खवट होतं. चमचाभर पुरे, हावरटपणा नको, आणि वर पाणी भरपूर प्या. पण त्याहून महत्त्वाचं सांगते. घरातलं कोणी ताट अर्धं टाकून उठलं, तर त्याच्या स्वभावाला नावं ठेवू नका. शेजारी बसा आणि काय टोचतंय ते विचारा. पुन्हा विचारा. माणसाला कुठे पाठवायचं ते मग ठरवा.

राहिला माझा प्रश्न. मी आता टेबलाच्या कडेला घट्ट बसले आहे आणि इथून हलणार नाही. मला पुन्हा फळीवर ठेवायची कोणाला हौस असेल, तर त्यानं आधी उस्तादांना विचारावं. पण आत्ता नको. आत्ता ते जेवतायत.