उतरवून पाहिलेली प्रत

लोकरी मोज्यातून तिने डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली. चिकटवलेल्या पट्टीवर वडिलांचं बारीक अक्षर होतं: ‘उतरवून पाहिली.’ खाली पाच महिन्यांपूर्वीची तारीख.

“कपाटात होती. स्वेटरांच्या खाली.”

रक्तपेढीच्या संगणकवाल्याने ती दोन्ही हातांनी उचलली. सकाळी मुख्य यंत्र बंद पडलं आणि रक्तदात्यांची सगळी यादी त्याच्याबरोबर गेली. प्रती रोज निघत होत्या. पडद्यावर रोज हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ येत होतं. आज पहिल्यांदा उघडून पाहिलं, तर नवं यंत्र आल्यापासून एका रिकाम्या फोल्डरची प्रत निघत होती.

“हिरवं दिसलं की मी चहाला पसार,” तो म्हणाला. “साहेब, तुमचे बाबा, आजारी पडायच्या आधी दर महिन्याला जुन्या यंत्रावर अख्खी यादी उतरवून बघायचे. मगच डिस्क घरी न्यायचे. एक प्रत इमारतीबाहेर हवी म्हणून. मी हसायचो त्यांना.”

वरच्या मजल्यावर एक बाळंतीण होती. लाखात एखाद्याचा असतो तसा तिचा रक्तगट. ऑपरेशन साडेतीनला.

“झालं का रे?” डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा दारात आल्या.

“येतंय, मॅडम.”

आणि खरंच येऊ लागलं. ओळीमागून ओळ, हजारो माणसं खालून वर सरकू लागली. ती वाकून पाहत राहिली. शेवटच्या रकान्यात बाबांचे शेरे होते. ‘रात्रपाळी, चारनंतर फोन करावा.’ ‘सासूला कळू द्यायचं नाही.’ ‘नुकतीच आई गेली, या वर्षी बोलावू नये.’ घरी जेवताना दोन वाक्यं बोलणारा माणूस. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

त्या गटाचे तिघे सापडले. एक परदेशात होता, एकीला ताप. तिसरा वेल्डर. त्याला फोन तिनेच लावला.

“रक्तपेढीतून बोलतेय.”

“आज साहेब नाहीत?”

“ते गेले. गेल्या महिन्यात. मी त्यांची मुलगी.”

पलीकडे वेल्डिंगचं यंत्र बंद झाल्याचा आवाज आला.

“किती वाजता येऊ?”

पाऊण तासात तो आला. दाराएवढा माणूस, हातभर ठिणग्यांचे डाग. चाचणी झाली. खाटेवर पडल्याबरोबर त्याने डोळे घट्ट मिटले. त्याच्या नावापुढचा शेरा तिने वाचला होता: ‘सुईला फार भितो, तरी येतो. बोलत राहावं.’

नर्स सुई घेऊन थांबली.

“बाबा काय बोलायचे तुमच्याशी?”

“तुमचंच की! अकरा वर्षं ऐकतोय,” तो डोळे न उघडता म्हणाला. “दर वेळी थोडंसं सांगायचे. मागच्या वेळी तुम्ही शाळेतून पळालात अन् स्टेशनात जाऊन बसलात, तिथवर आलं होतं. तेवढ्यात पिशवी भरली. म्हणाले, उरलेलं पुढच्या खेपेला.”

तिने स्टूल ओढलं आणि नर्सकडे पाहून मान हलवली.

“मग,” ती म्हणाली, “बाबा मला न्यायला आले.”