चार जाळ्यांचं भगदाड

घोटीच्या वरच्या अंगाला, पाड्यामागं एक टेकडी आहे. मागं ती इतकी बोडकी होती की सरडेसुद्धा स्वतःची शेपटी डोक्यावर धरून सावली करायचे. मग पाड्यानं तिथं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली. आधी कुसळी गवत आलं. ते असं माजलं, की आत शिरलेली म्हैस बाहेर आली तेव्हा पणजी झालेली होती. त्यावर करवंदीच्या जाळ्या दाटल्या, आणि त्यांच्या काटेरी पोटात, शेळीचं तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी, ऐनाची आणि मोहाची रोपं गुपचूप कमरेएवढी झाली.

पाड्यातल्या थापाड्या बुधाला त्या पोटातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला भाताच्या रोपांभोवती कुंपण हवं होतं. बंदी झाडाला आहे, काट्याला कोण झाड म्हणतं, असं म्हणत त्यानं चार जाळ्या मुळासकट नेल्या. दोनच दिवसांत त्या भगदाडातून अक्काबाईच्या शेळ्या घुसल्या. बुधानं जाऊन पाहिलं, तर ऐन-मोहाच्या रोपांचे नुसते खुंट. त्या दिवसापासून त्याला भाकरी गिळेना.

पाड्याचा पुढारी पुंजाराम. त्यानं मोबाइलवर निरोप धाडून बैठक बोलावली.

"अक्का, येत्या बाजारी शेळ्या इकायच्या."

अक्काबाई एकटी बाई, शेळ्यांवर तिची चूल. "इतकी वर्षं काट्यात तोंड घातलं नाय त्यांनी. आत्ताच दात फुटले का?"

"बिबट्या होता," बुधा सवयीनं बोलून गेला. "दाढ दुखत होती त्याची. कोरता कोरता चार जाळ्या संपवल्या."

सगळे हसले. अक्काबाई एरवी त्याच्या थापांना सगळ्यांत आधी हसायची. आज नुसती बघत राहिली. बुधाची मान खाली गेली.

"बिबट्या नाय. मीच तोडल्या. माझ्या कुंपणाला हायेत, जाऊन बघा. तिच्या शेळ्या राहू द्या."



"मेलेल्या जाळ्या परत लागत्यात का आता?" पुंजाराम म्हणाला.

"नव्या वाढंस्तोवर यालाच बसवा तिथं," अक्काबाई म्हणाली. "तसाही लय बोचतो."

तेव्हापासून बुधा रोज भगदाडात बसतो. शेळ्या येतात, त्याला बघून माघारी वळतात. अक्काबाई त्याच्याशी बोलत नाही, पण जाताना दगडावर भाकरी ठेवते, आणि तीच त्याला शिव्यांहून जड जाते. मोहाच्या एका खुंटाला पालवी आली आहे. ऐनाच्या खुंटांकडं बघायचं मात्र त्याला अजून धाडस होत नाही; तो त्यांना पाठ करूनच बसतो.