सिगसिगची टोपी

मी एक टोपी बोलतेय. गवताची आहे, पण मला हलक्यात घेऊ नका.

इक्वादोरमधल्या सिगसिग गावात तार्हेलियाबाईंनी मला चार महिने विणलं. तेही पहाटेच्या ओल्या हवेत, कारण ऊन तापलं की आमची काडी मोडते. विणताना बाई शेजारणीशी अखंड बोलायच्या. अर्ध्या गावाची भांडणं माझ्या विणीत आहेत.

एका रविवारी वेंडल प्रुइट आले. अमेरिकेत पूल बांधलेले इंजिनिअर, ताडमाड उंच. बायको जॉयस आणि तेरा वर्षांची मुलगी कॉरिन यांना घेऊन ते वर्षापूर्वी जवळच्या क्वेन्का शहरात कायमचे राहायला आले होते.

"पनामा टोपी दाखवता का?" त्यांनी विचारलं.

"पनामाची हवी तर पनामाला जा," बाई मान वर न करता म्हणाल्या. "इथं इथल्याच मिळतात."

आमच्याच टोप्या जगात पनामा म्हणून विकल्या जातात, हे बाईंचं जुनं दुखणं. कॉरिन फिसकन हसली. वेंडलचे कान लाल झाले. "चुकलं बाई. इथलीच द्या."

चूक कबूल करणारं डोकं! मी तिथंच त्यांना पसंत केलं.

मग दर शनिवारी आमची स्वारी बसमधून निघायची. जुनी देवळं, पडके किल्ले, काही सोडलं नाही. इंगापिर्का इथल्या इंकांच्या जुन्या देवळाच्या भिंतीत वेंडलनी बसचं तिकीट खुपसून पाहिलं. "चुना नाही, काही नाही, तरी कागद शिरत नाही!"

"तुमचे पूल एवढे टिकले म्हणजे मिळवलं," जॉयस म्हणाली.

कॉरिन मात्र फुरंगटून बसायची. "शाळेत मला अजून पाहुणी म्हणतात, बाबा. दगड बघून कोणी इथलं होतं का?"

 

पुढच्या सुट्टीत तिघं डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या इंकांच्या जुन्या रस्त्याने पायी निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं आणि वाऱ्याने मला उडवलं. वेंडल मागे धावले.

"अहो, जाऊ द्या ती टोपी!" जॉयस ओरडली.

मी घरंगळत गवतात पडले. त्यांचे आवाज दलदलीच्या बाजूला जात विरले. माझ्यापायी ही माणसं वाट चुकली, आणि मला हाकही मारता येईना.

बऱ्याच वेळाने मेंढ्या आल्या. मागून होसेफिना, त्या माळावरची धनगरीण. तिने मला उलटी करून आतून बोट फिरवलं. "घाम ओला आहे. माणूस जवळच असणार." तिने मला आपल्या टोपीवरच चढवलं आणि हाका मारत निघाली.

तासाभराने तिघं सापडली. वेंडल गुडघ्यापर्यंत चिखलात, पाय मुरगळलेला. जॉयसचे ओठ निळे पडलेले. होसेफिनाने शाल फेकून वेंडलना ओढून काढलं आणि सगळ्यांना हाताला धरून चढावर आणलं.

"रस्ता हरवला हो," वेंडल पुटपुटले.

"रस्ता कुठला हरवतोय? माणसं हरवतात." तिने टाच आपटली. गवताखाली टणक आवाज आला. "हा बघा, हा काय! दादा, तुम्ही आमच्या खांद्यावर हात टाका. पोरी, तू पुढं हो. पायाला दगड लागला की चाल, मऊ लागलं की थांब."

तिने मला कॉरिनच्या डोक्यावर बसवलं. पोरगी थरथरत होती, ते मला कळत होतं. एक पाऊल, मग दुसरं.

"दगड!" ती ओरडली. "दगड! थांबा, मऊ आहे... इकडून या. दगड!"

पाचशे वर्षांपूर्वी कुणी बसवलेले दगड ती एकेक करून पायाने शोधत होती. पुढे पुढे तिचं थरथरणं थांबलं. संध्याकाळी चुलीच्या धुराचा वास आला, तेव्हा तिचा आवाज बसला होता, पण मान ताठ होती.

होसेफिनाच्या घरी उकडलेले बटाटे खाताना वेंडलनी मला पुढे केलं. "ही तुम्ही ठेवा."

"मला डोकं एकच आहे," ती म्हणाली. "आणि ही आता पोरीची. वाट तिनं काढली."

याला सतरा वर्षं झाली. कॉरिन क्वेन्कातल्या शाळेत इतिहास शिकवते आणि दरवर्षी मुलांना त्याच रस्त्याने नेते. मी चहाच्या रंगाची झालेय, कड दोन ठिकाणी तडकलीय. परवा जॉयस म्हणाली, "फार झालं, आता हिला काचेच्या पेटीत ठेवू या."

काचेच्या पेटीत? मी काय मेलेय? शनिवारी चाळीस मुलं वर जायची आहेत. मला खुंटीवरून काढा, पाण्याचा एक हबका मारा, आणि निघा!