दादाच्या दोन ओळी

मी रक्तदात्यांचे फॉर्म वाचणारा प्रोग्राम बोलतोय. रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, गळक्या एसीखाली बसून दादाने मला लिहिलं. दादा तिथला प्रोग्रामर.

वेबसाइटवर भरलेला फॉर्म माझ्याकडे वेष पालटून येतो. शब्दांमधल्या मोकळ्या जागेचं अधिक चिन्ह झालेलं असतं आणि खरं अधिक चिन्ह सांकेतिक अक्षरांत दडलेलं असतं. सगळ्यांना मूळ रूपात आणणं हे माझं काम.

दादाने दोन ओळी उलट्या क्रमाने लिहिल्या. मी आधी सांकेतिक अक्षरं उलगडायचो, मग दिसेल ते अधिक चिन्ह पुसायचो. त्यात खरंही पुसलं जायचं. दादाला कळलंच नाही. तो तपासताना दरवेळी स्वतःचीच माहिती भरायचा आणि त्याचा रक्तगट ओ निगेटिव्ह, म्हणजे त्यात अधिक चिन्हच नाही. आपला फॉर्म नीट आला की माणसाला सगळ्यांचा नीट वाटतो.

मग दादा अपघातात गेला. त्याच्या खुर्चीवर नवी ताई आली.

एका सकाळी रक्तपेढीचा फोन सांभाळणाऱ्या काकू ओरडल्या, "अगं, यादीत बी पॉझिटिव्हचा एकही नवा माणूस दिसेना! तिकडे बाळंतीण रक्तासाठी ताटकळलीये."

ताईने मला उघडलं. "हे सगळं काढून नवंच लिहिते."

"हात तर लावून बघा!" दारात दादाचा धाकटा भाऊ उभा होता. रक्ताच्या पेट्यांची गाडी तोच चालवतो. "माझ्या दादाचं काम आहे ते."

"अरे, चूक आहे त्यात."

"दादा चुकत नव्हता!"

"चुकायचा रे," काकू म्हणाल्या. "माझ्या चहात दोनदा मीठ घातलंय त्याने."

तो हसायला गेला आणि ढसाढसा रडला.

ताईने मला पुन्हा सावकाश वाचलं. मग त्याला शेजारी बसवून तिने दोन ओळींची फक्त अदलाबदल केली. "यातलं अक्षरही पुसलं नाही बघ. आता तुझी माहिती भर."

त्याने एका बोटाने भरली. रक्तगट ए, पुढे अधिक चिन्ह. पडद्यावर तसाच उमटला. आले तसेच जपून ठेवलेले जुने फॉर्मही माझ्यातून पुन्हा गेले आणि यादी भरली. काकूंनी फोन उचलला.

"मिळाला माणूस! त्याला आणायला गाडी काढ."

तो डोळे पुसत धावला.

मी अजून चालतोय. कधी मला काढावं लागलं तर खुशाल काढा. फक्त आधी त्या गाडीवाल्याला बोलवा आणि त्याच्या दादाच्या ओळी त्याला एकदा बोट ठेवून दाखवा.