बुडालेल्या झाडांपर्यंतची फेक

मी गळाची एक जुनी काठी आहे, मित्रांनो, आणि वाकणं हेच माझं काम आहे. आजोबांच्या काठीने ताठ राहावं, पडद्याच्या काठीने आडवं राहावं. मी मात्र वाकावं आणि पुन्हा सरळ व्हावं. ज्या दिवशी वाकायचं विसरेन, त्या दिवसापासून मला नुसता दांडका म्हणायला हरकत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काचेच्या बारीक धाग्यांचं कापड एका सळईभोवती घट्ट गुंडाळलं, भट्टीत भाजलं आणि मग सळई काढून घेतली. म्हणून मी आतून पोकळ आहे. अंगावर दोऱ्याला वाट दाखवणाऱ्या कड्या बसवल्या, मुठीला मऊ बूच लावलं आणि मला दुकानात उभं केलं. तिथे येणारा प्रत्येकजण मला तलवारीसारखं हवेत फिरवून बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. मामंजींनी तसं केलं नाही. त्यांनी माझं टोक हलकेच छताला टेकवलं, मी कुठून कशी वाकते ते डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "हिला समज आहे."

मामंजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक किडकिडीत गृहस्थ. आता माझं त्यांच्याशी कुठलं नातं? पण घरात सूनबाई त्यांना मामंजी म्हणायची, तेच माझ्याही तोंडी बसलं. माझी जागा बाहेरच्या दाराआड, छत्र्या आणि गमबूट यांच्या मधोमध. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही तलावावर जायचो. तलाव मोठा, एका अंगाला दगडी बांध आणि बांधाला सांडवा. पाणी भरण्याआधी तिथे झाडं होती. काठापासून बऱ्याच आत त्यांचे काळे शेंडे अजून पाण्याबाहेर दिसतात. बास नावाचा रुंद तोंडाचा मासा त्यांच्याच सावलीत दबा धरून बसतो. तिथवर गळ पोहोचला तर मासा, नाहीतर दिवसभर हवा खायची. मामंजींचा गळ पोहोचायचा. शेजारी उभे असलेले धट्टेकट्टे लोक घामाघूम व्हायचे आणि या काडीपैलवानाची फेक त्यांच्या पुढे जाऊन पडायची.

मग त्यांचे हात थरथरू लागले. आधी घड्याळाचे स्क्रू हातातून निसटले, मग दुकान बंद झालं, मग मीही दाराआड राहिले. मामंजी माझ्याकडे बघायचे नाहीत. छत्री घेतानासुद्धा तोंड वळवून घ्यायचे.

मला बाहेर काढलं ते सूनबाईने. ती शहरात बस चालवायची. भरलेले खांदे, मोठा आवाज आणि गर्दीत कधीही न चढणारा पारा. एका सुट्टीला ती म्हणाली, "मामंजी, चला तलावावर. तुम्ही सांगा, मी फेकते."

"तुला काय येतं त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर तुम्ही चला म्हणतेय."

तिची पहिली फेक मी जन्मात विसरणार नाही. माझ्या दोऱ्यावर शिशाची गोळी मोकळी सरकत होती, तिच्याखाली एक मणी, मग हातभर दोरा आणि टोकाला रबरी गांडूळ लावलेला गळ. गोळी तळाशी रेघ ओढत जाते आणि गांडूळ मागून तरंगत येतं, अशी ती जोडणी. सूनबाईने मला डोक्यावरून असं काही हाणलं, की माझ्या अंगातून कळ गेली. गोळी समोरच दाणकन पाण्यात पडली आणि चार बदकं उडाली.

"सूनबाई, हे काय चाललंय?"

"लांब टाकतेय."

"मासे पकडायचेत की ठार मारायचेत?"

ती खळखळून हसली आणि पुन्हा तसंच हाणलं. तिसऱ्या वेळी मामंजी उठले आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "बसमध्ये म्हातारं माणूस चढलं की तू काय करतेस?"

"ते बसेपर्यंत थांबते. मग गाडी सोडते."

"मग इथे का थांबत नाहीस? गोळी मागे गेली की तिला बसू दे. काठीला तिचं वजन कळू दे. मग सोड गाडी."

सूनबाईने मला मागे नेलं आणि थांबली. अगदी श्वासभर. मित्रांनो, तेवढ्या थांबण्यात काय होतं सांगू? गोळी मागे ओढते, मी वाकते, आणि त्या वाकण्यात सगळं बळ साठतं. मग माणसाने मारायचं नसतं, मला फक्त सरळ होऊ द्यायचं असतं. गोळी सूं करत गेली आणि आधीच्या दुप्पट लांब पडली. सूनबाई गोळीकडे बघायची सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

त्यानंतर एकेक गोष्ट उलगडत गेली. वरच्या हाताने ढकलायचं, पण खालच्या हाताने मूठ पोटाकडे ओढायची. खरी गती त्या ओढीत. गोळी टोकाला चिकटून नाही, चांगली खाली लोंबती ठेवायची, म्हणजे तिला झोका मिळतो. रीळ काठोकाठ भरलेलं हवं, नाहीतर दोरा प्रत्येक वेढ्याला कडेवर घासतो. दोरा बारीक हवा. आणि गोळी? सूनबाईला वाटलं, जितकी जड तितकी लांब. मामंजी म्हणाले, "फार जड लावलीस तर काठी दमते, फार हलकी लावलीस तर झोपते. तिला पेलेल तेवढंच ओझं दे."

सूनबाईने या बोलण्याचं सोनं केलं. ड्यूटी संपली की ती बसच्या आगारामागच्या मोकळ्या आवारात मला घेऊन जायची. गळ काढून ठेवायची आणि नुसती गोळी एका जुन्या टायरात टाकायचा सराव करायची. एक कंडक्टर रोज चिडवायचा, "बाई, टायरात मासे लागले का?"

"लागले असते," ती म्हणायची, "पण बिनतिकिटाचे होते, उतरवले."

ऊन असो की वारा, ती येत राहिली. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. मी किती हात पाहिले असतील, पण चुकलेल्या फेकीवर न चिडता तिच्याकडे बघत राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चुकली की ती स्वतःशीच पुटपुटायची, "दोऱ्यावरचं बोट उशिरा सोडलं." बस्स. ना काठीला दोष, ना वाऱ्याला.

अखेर एका सकाळी तिची गोळी बुडालेल्या झाडांच्या पलीकडे पडली. तिने ती हळूहळू सावलीत ओढून आणली. टक्, टक् असं काहीतरी माझ्या टोकाला जाणवलं आणि मग मी कमान झाले. सूनबाईने मला तसंच मामंजींच्या हातात दिलं.

"अगं, माझे हात थरथरतात!"

"मासाही थरथरतोय. बरोबरीची लढत आहे, ओढा."

मामंजींनी ओढला. मोठा, हिरवट, रागावलेला बास. त्यांनी त्याला ओल्या हातांनी धरलं, गळ सोडवला आणि परत पाण्यात जाऊ दिलं. घरी जाताना ते सबंध रस्ता बोलत होते. सूनबाई नुसती हुं हुं करत होती.

आता ज्या दिवशी माझा खरा कस लागला, त्या दिवसाचं सांगते. सूनबाईची मुलगी, जिला सगळे खारुताई म्हणत, तीही आमच्याबरोबर आली होती. तिला होडीत बसायचं होतं. होडीवाल्याने तिला केशरी जाकीट घातलं. मामंजींनी मात्र आपल्यासाठी नको म्हटलं. एक वल्हं नातीच्या हातात, एक आजोबांच्या. सूनबाई माझ्यासोबत काठावर थांबली. होडीवाला दुसऱ्या मंडळींना घेऊन पलीकडच्या तीराला गेला.

वारा अचानक उठला. मामंजींच्या थरथरत्या हातातून वल्हं निसटलं आणि बघता बघता वाहून गेलं. खारुताई उरलेलं वल्हं जिवाच्या आकांताने मारत होती, पण एका वल्ह्याने होडी गोल फिरते, पुढे जात नाही. वारा त्यांना सांडव्याकडे ढकलत होता. तिथे पाणी बांधावरून खाली कोसळत होतं. त्याचा आवाज काठापर्यंत येत होता.

सूनबाई मला हातात धरून बांधाकडे धावली. वाटेत होडीवाल्याच्या छपरीतून तिने दोराचं वेटोळं उचललं. काठावरच्या बाकीच्या होड्या साखळीने बांधलेल्या होत्या. बांधाच्या टोकावर उभी राहून तिने घाईघाईने मला फिरवलं आणि जीव खाऊन मारलं. अगदी पहिल्या दिवशीसारखं. गोळी अर्ध्यावरच पडली.

"आई!" खारुताई ओरडली.

सूनबाईने दोरा गुंडाळला. तिची छाती धपापत होती, पण हात शांत झाले होते. तिने दोरा दातांनी तोडून गळ टाकून दिला, कारण समोर लेक होती. आधीची गोळी काढून वाऱ्याला पुरून उरेल अशी खिशातली थोडी जड गोळी बांधली. नेम होडीवर धरला नाही. होडीच्या पलीकडे आणि वाऱ्याच्या अंगाला धरला. मला मागे नेलं. आणि त्या कोसळत्या पाण्याच्या आवाजात, लेक हाका मारत असताना, ती थांबली.

त्या थांबण्याला काय म्हणावं, मित्रांनो? मला शब्द सापडत नाही.

मी वाकले, पूर्वी कधी वाकले नव्हते इतकी. मग सरळ झाले. गोळी वर गेली, वाऱ्याने तिला वळवलं, दोरा कड्यांतून सळसळत धावला आणि होडीवर आडवा पडला. खारुताईने तो दोन्ही हातांनी पकडला.

"नुसता धर! ओढू नकोस, तुटेल!" सूनबाई ओरडली. तिने दोरा माझ्यापासून कापला आणि त्याचं टोक जाड दोराच्या टोकाला बांधलं. "आता ओढ! हळू!" बारीक दोऱ्यामागून जाड दोर पाण्यावरून सरकत गेला. मामंजींनी तो होडीच्या कडीत अडकवला. बोटं थरथरत होती, पण गाठ घड्याळजीची होती, पक्की. सूनबाईने दोर कमरेभोवती घेतला, पाय दगडांत रोवले आणि होडी इंच इंच काठाला आणली.

खारुताई तिच्या गळ्यात पडली. मामंजी चिखलातच बसले. सूनबाई त्यांच्यावर कडाडली, "जाकीट का घातलं नाहीत? काही झालं असतं तर मी घरी काय तोंड दाखवलं असतं?" आणि मग तिथेच त्यांच्या शेजारी बसून ओक्साबोक्शी रडली. मामंजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "माझ्या हातून अशी फेक कधी झाली नाही, पोरी." सूनबाई नव्हे, पोरी.

पळापळीत मी दगडांवर पडले होते. एक कडी निखळली, अंगावर ओरखडा उठला. पण घरात माझा केवढा मान! सूनबाईच्या नवऱ्याने बैठकीच्या भिंतीवर खिळे ठोकून मला टांगलं. आलागेला माझ्याकडे बोट दाखवून विचारी आणि सगळी हकीकत पुन्हा सांगितली जाई. मला सुरुवातीला बरं वाटलं. मग धूळ बसू लागली. बूच सुकून तडकलं. रिळातलं वंगण घट्ट झालं. कोळ्याने माझ्या दोन कड्यांमध्ये जाळं विणलं. दाराआड असताना निदान गमबुटांचा शेजार होता. भिंतीवर फक्त कौतुक होतं.

एका सकाळी सूनबाई खुर्चीवर चढली आणि तिने मला खाली काढलं.

"अगं, राहू दे," तिचा नवरा म्हणाला. "आठवण आहे ती."

"आठवण मला आहे. हिला काम हवंय."

तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, रिळाला तेल दिलं. मामंजी सांगत गेले आणि तिने नवी कडी रेशमी दोऱ्याने गुंडाळून बसवली. लाखेचा हात दिला आणि सावलीत वाळवलं. मग आम्ही तलावावर गेलो. त्या दिवशीची आमची पहिली फेक फार लांब गेली नाही. सूनबाई हसली. "दोघींनाही गंज चढलाय," म्हणाली आणि दोरा गुंडाळायला लागली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी असेल. त्याला ओलं ठेवू नका, कोपऱ्यात वाकडं टेकवू नका, त्याच्या ताकदीपलीकडचं ओझं लादू नका. आणि त्याने कधी मोठं काम केलं, तर त्याला भिंतीवर चढवून मोकळे होऊ नका. पुसा, तेल द्या आणि पुन्हा हातात घ्या.