मोरधारेच्या खिंडीतली घंटा

मी एक घंटा आहे. पितळेची, दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी, आणि बोलायला कायम उतावीळ. पण जन्मल्यानंतर कितीतरी दिवस माझी जीभ लाल फडक्यात बांधलेली होती. ती ज्या सकाळी सुटली, त्या सकाळची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. अजून आठवली की अंगभर थरथर होते.

माझा जन्म नाशकात, अंबडच्या बाजूला हनीफचाचांच्या ओतकामाच्या शेडमध्ये झाला. त्याआधी मी एक चेपलेला तांब्या होते, एक गळकं पातेलं होते आणि मान मोडलेली समई होते. ही सगळी मोड दिंडोरीच्या भागीबाईंनी पिशवीत घालून आणली. त्यांच्या मालकांच्या, वाल्मीकरावांच्या पायावर द्राक्षबागेत ट्रॅक्टर कलंडला होता. पायात सळई घातली, पण माणूस अंथरुणाला खिळला. तेव्हा भागीबाई मोरधारेच्या देवीला नवस बोलल्या, "हे आपल्या पायांनी तुझा डोंगर चढले, तर माझ्या संसारातल्या पितळेची घंटा तुझ्या दारात बांधीन. तिचा पहिला आवाज तुलाच ऐकवीन."

या शेवटच्या वाक्यावरून चाचांची आणि त्यांची जुंपली.

"भाभी, वाजवून बघितल्याशिवाय मी माल देत नाही. ओतताना आत हवा राहिली असेल तर आवाज फुटका येतो."

"चाचा, पहिला आवाज देवीचा."

"आणि फुटका निघाला म्हणजे? देवी तुम्हाला काही बोलणार नाही. शिव्या मला बसतील."

"तुमच्या हाताला यश आहे. बाकी देवी बघून घेईल."

"सगळं देवीवरच टाका," असं पुटपुटत चाचांनी माझ्या लोलकाला फडकं गुंडाळलं आणि वरून करकचून गाठ मारली.

अशी मी माझाच आवाज न ऐकता दिंडोरीला आले. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर बसून रोज हळदकुंकू लावून घ्यायचं, दर मंगळवारी भागीबाईंचा उपास बघायचा आणि वाट पाहायची. वाल्मीकराव आधी खाटेवरून उठले, मग ओट्यापर्यंत आले, मग बागेच्या बांधापर्यंत जाऊ लागले. त्यांच्या प्रत्येक पावलाला मला वाटायचं, आलं, माझं बोलणं जवळ आलं.

चैत्र लागला. जायचा दिवस ठरला आणि नेमका आठवडाभर आधी डोंगराला वणवा लागला. गावातली माणसं म्हणाली, पुढच्या वर्षी जा. वाल्मीकरावांची थोरली बहीण धोंडाबाई मात्र पदर खोचून म्हणाली, "डोंगर जळलाय, देवी नाय जळली. चला."

पहाटे पायथ्याशी उतरलो तेव्हा मी भागीबाईंच्या पाठीवर झोळीत होते. तिथून मी जे पाहिलं, ते कुणी पाहिलं नसेल. गवत होतं तेव्हा डोंगराला एकच वाट होती. गवत जळालं आणि त्याच्या अंगभर वाटा उघड्या पडल्या. शेळ्यांच्या, गुरांच्या, मोळीवाल्यांच्या! शिवाय आग अडवायला काढलेला रुंद पट्टा होता, तो तर खऱ्या वाटेपेक्षा जास्त वाट दिसत होता. ज्या झुडपांना बाया बांगड्या नि चिंध्या बांधायच्या, ती झुडपंच राहिली नव्हती. वाट दाखवणारे चुन्याचे बाण काजळीखाली गेले होते. विझवायला आलेल्या माणसांची पावलं राखेत चहूकडे होती. मला तर हरखून सगळ्याच वाटांनी जावंसं वाटत होतं.

वाल्मीकरावांचंही तसंच झालं होतं. वर्षभर पडून राहिलेल्या माणसाच्या पायाला डोंगर लागला की तो कुणाचं ऐकतो?

"अहो, जरा दमानं," भागीबाई म्हणाल्या.

"तू घंटा सांभाळ. पाय माझे हायत."

अर्ध्या चढावर धोंडाबाईंना धाप लागली. त्या बसल्या, म्हणून भागीबाईही थांबल्या. वाल्मीकरावांना पुढे खडकावर दगडावर दगड रचलेले दिसले. "हे बघ, खुणा हायत की. नाशिकची ट्रेकवाली पोरं असेच दगड रचत जात्यात, वाट चुकू नये म्हणून. मी पुढं होतो, खिंडीत थांबतो." काठी टेकत ते त्या दगडांच्या मागोमाग वळणाआड गेलेही.

पाणी पिऊन धोंडाबाई उठल्या आणि त्यांची नजर त्याच दगडांवर गेली.

"भागे, वाल्मीक हिकडून गेला का? अगं, ही वाट नाय. हे घराचे दगड."

"म्हणजे वो, वन्सं?"

"ज्याला घर पायजे त्यो असे दगड रचतो अन् देवीला म्हणतो, मला बी असंच उभं करून दे. बसायला सपाट जागा दिसली की रचायचं. वाटंचा काय संबंध? आधी गवतात दिसत नव्हते. आता बघ, अख्खी वसाहत उघडी पडली."

ती दगडांची वसाहत एकामागून एक कुठे गेली होती, ते दोघींनाही ठाऊक होतं. कड्याच्या माथ्यावर. तिथे वारा छान येतो म्हणून माणसं शिदोरी सोडून जेवायला बसायची. आता तिथे मुरूम सुटला होता, पायाखालून सरकणारा.

दगडात कोरलेल्या जुन्या पायऱ्या धोंडाबाईंना आठवत होत्या. वाल्मीकराव मागे फिरून खिंडीतच येतील, या आशेनं दोघी त्या पायऱ्यांनी तिथे आल्या. खिंडीत कुणी नव्हतं. वाऱ्यानं राख उडत होती, खालचे ओंडके अजून धुमसत होते, चार हातांपलीकडचं धड दिसेना. वाल्मीकरावांचा फोन भागीबाईंच्याच पिशवीत होता, कुंकवाच्या पुडीशेजारी.

"अहो!" भागीबाईंनी हाक मारली. "अहो!"

"अहो काय करतीस? नाव घे की त्याचं," धोंडाबाई म्हणाल्या. स्वतः ओरडायला गेल्या, पण धुरानं खोकल्याची उबळ आली.

भागीबाईंनी जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, तेही ओरडून. बाईमाणसाचा आवाज तो, वाऱ्यानं जागच्या जागी खाऊन टाकलासं वाटलं.

मग त्यांनी मला झोळीतून काढलं. माझ्याकडे बघत राहिल्या. मला कळलं, आणि माझं सगळं पितळ ताठ झालं.

"नको गं," धोंडाबाई हळूच म्हणाल्या. "पहिला आवाज देवीचा. नवस मोडला नि त्याचंच काही वाईट झालं म्हंजे?"

भागीबाईंनी डोळे मिटले, वर देवळाच्या दिशेला हात जोडले. "आई, पाय तूच दिलेस. आता कोपायचं तर माझ्यावर कोप." आणि चाचांची ती गाठ त्यांनी दातांनी सोडली.

धोंडाबाईंची काठी दोघींनी खांद्यावर घेतली, मला मध्ये अडकवलं आणि भागीबाईंनी लोलकाचा टोला दिला.

मी वाजले! फुटकी नव्हते मी, हनीफचाचा! माझा आवाज पुढच्या डोंगरधारेवर आदळला, तिथून दरीत उतरला आणि परत माझ्याकडे आला, तेव्हा मलाच नवल वाटलं की एवढं सगळं माझ्या आत होतं. टोल्यामागून टोला, टोल्यामागून टोला. भागीबाईंचे हात भरून आले तरी त्या थांबल्या नाहीत.

पहिल्यांदा उजवीकडून आले ते वाल्मीकराव नव्हतेच. पाठीवर बॅगा घेतलेली, तोंडं काळी झालेली तिघं पोरं होती. त्यांच्यातला योगेश म्हणाला, "काकू, थांबू नका, वाजवत राहा. आमचा एक मागे आहे." मग त्यांचा तो एक आला. मग खालून एक म्हातारा शेळ्यांसकट आला आणि म्हणाला, "चौघंच्या चौघं वाट चुकली का काय आज?"

आणि मग डावीकडून, कड्याच्या अंगानं, राखेतून आधी काठी दिसली.

वाल्मीकराव गुडघ्यापर्यंत काळे झाले होते. ते आले नि खाली बसले. "शेवटल्या दगडापाशी गेलो नि पुढं काय नव्हतंच," ते म्हणाले. "मागं फिरलो, तर कुठून आलो ते कळंना. मग आवाज आला. त्याच्याकडं तोंड धरून चालत राहिलो."

भागीबाई पदरानं त्यांचं तोंड पुसत राहिल्या.

"घंटेच्या आधी माझं नाव पुसट कानावर आलं. कुणी घेतलं?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"वन्संनी."

धोंडाबाई दुसरीकडे बघून हसल्या.

वर देवळात गुरव गोटीराम पूजा करत होते. भागीबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. गोटीरामांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "बाई, आवाज मी गाभाऱ्यात ऐकला. मग देवीनं नाय ऐकला व्हय? तिचं दार फक्त हे चौकटीतलं का? अख्खा डोंगर तिचा हाय. खिंड बी."

भागीबाई बराच वेळ देवीपुढे बसल्या. उठल्या त्या ठरवूनच. "मग हिला खिंडीतच बांधा," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी इथे आहे, खिंडीत माझ्यासाठी उभारलेल्या लोखंडी कमानीला. करवंदीच्या जाळ्या बुडातून फुटल्या आहेत, गवत पुन्हा कमरेला लागतंय आणि बऱ्याच वाटा त्यात बुजल्या आहेत. पण उन्हाळा दरवर्षी येतो, आणि वणवाही येऊ शकतो. तेव्हा बाबांनो, डोंगरात काडी, विडी टाकू नका, एवढं माझं मागणं आहे.

आणि खिंडीत पोचलात की लगेच देवळाकडे धावू नका. मला वाजवा. मग जरा उभे राहा, बघा, कुणीतरी माझ्या आवाजाकडे तोंड करून चालत येत असेल.