पाप मोठं करणारी पेटी

तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी तासाला दांड्या मारणारी पोरं बाकांवर चढून उभी होती. लोखंडी टेबलाशी, स्वतःला सत्यदर्शी म्हणवून घेणारे एक महाराज डोळे मिटून बसले होते. पुढ्यात त्यांची सत्यपेटी. तिच्यावर पितळी चकती, पुढच्या बाजूला जाळीमागे स्पीकर.

नवाकोरा ऑसिलोस्कोप कपाटातून नाहीसा झाला होता. आता जे यंत्र विजेच्या लाटा डोळ्यांना दाखवतं, ते शोधायला विजेचंच शिक्षण देणाऱ्या संस्थेने महाराज बोलवावेत, हे प्राचार्यांनाच सुचावं. महाराजांशी त्यांच्या साडूचा घरोबा होता.

"देहात सूक्ष्म स्पंदनं असतात," महाराज सांगत होते. "निष्पापाची शांत, पाप्याची खवळलेली. कानाला ऐकू येत नाहीत, पेटी ती फक्त मोठी करते. पेटीच्या आत माझं काही नाही, बरं का!"

एवढं शेवटचं वाक्य मात्र खरं होतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचं सूक्ष्म-संकेत विश्लेषण, म्हणजे इवलासा संकेत किती मोठा होतो याचा हिशेब, हा त्यांचा हातखंडा. फळ्यावर आकृती काढायला लागल्या की खडू थांबत नसे. पेटी तपासायचं काम प्राचार्यांनी त्यांच्यावरच सोपवलं होतं. त्यांनी झाकण उघडलं. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर सुटे भाग, एक बॅटरी. भिंतीतल्या विजेशी संबंधच नाही. "यात लबाडीला जागा नाही," असं त्या म्हणून गेल्या आणि प्राचार्यांनी ते लगेच माईकवरून जाहीर केलं. शिकलेल्या माणसाने मान डोलावली की बाकीच्यांचं काम हलकं होतं.

एकेक जण पुढे येऊ लागला. त्याने चकतीवर बोटं टेकायची, महाराजांनी डावा हात टेबलावर आणि उजवा त्याच्या कपाळावर ठेवून पुटपुटायचं. पेटी गप्प. प्राचार्य झाले, ग्रंथपाल झाले, मॅडमही झाल्या. शेवटी भांडार सांभाळणारे काका आले. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि ते प्राचार्यांनी चहा पिता पिता महाराजांच्या कानावर घातलं होतं.

काकांनी कपाळ पुढे केलं. महाराजांनी एकदम हात जोडले. "तुम्ही वयाने मोठे. तुमच्या कपाळाला मी कसा हात लावू?"

काकांनी बोटं टेकली. पेटीने घूंऽऽ करून खोली दणाणून सोडली.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. काकांनी हात काढला, पुन्हा टेकला. पुन्हा घूंऽऽ. "मी नाही हो घेतला," ते मॅडमना म्हणाले. "तुम्ही तर पेटी उघडून पाहिलीत. मग असं कसं?"

प्राचार्यांनी तिथल्या तिथे निलंबनाची भाषा सुरू केली. निवृत्तीला आलेला माणूस चोर ठरून घरी जाणार, आणि तोही आपल्या शब्दावर! मॅडमनी पेटीकडे पुन्हा निरखून पाहिलं.

वर्गात आपण रोज काय सांगतो? स्थिर आहे ते बाजूला ठेवा. बॅटरी कितीही मोठी असली तरी संकेताच्या हिशेबात ती शून्य. बदलतंय तेवढंच धरा. मग इथे बदललं काय? पेटी तीच, टेबल तेच, बडबड तीच. बदलला तो कपाळावरचा हात. आणि आपण मात्र बॅटरी बघून निर्धास्त झालो! संकेत जिथून येतो ते छोटं वर्तुळ आकृतीत डावीकडे इतकी वर्षं काढत आलो, पण या पेटीसाठी ते वर्तुळ कोण, हे विचारलंच नाही. ते वर्तुळ म्हणजे चकतीला हात लावणारा माणूस.

"महाराज," त्या पुढे झाल्या, "आमचे प्राचार्य काकांहून थोरले आहेत. केस काळे दिसतात ती बाटलीची कृपा. त्यांच्या कपाळाला कसा लावलात हात?"

हशा पिकला. महाराज म्हणाले, "बाई, श्रद्धा नसली की यंत्र रुसतं."

"रुसू दे की. सर, या पुढे. आता कपाळावर हात नको."

एवढ्या लोकांत प्राचार्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी बोट टेकलं आणि पेटीने काकांच्या वेळेपेक्षाही मोठा गळा काढला.

"सर, तुम्ही?" मागून कुणीतरी ओरडलं.

मॅडमनी स्वतःचं बोट टेकलं. घूंऽऽ. मग एका लांब तारेचं टोक चकतीला लावून बाकीची तार बाकांवर पसरली. आवाज बारीक झाला, पण घूंऽऽ तेच. "आता या तारेने काय चोरलं?"

कुणी हसलं नाही. सगळे ऐकत होते.

"या भिंतींत, दिव्यांत वीज सतत हेलकावे खाते," त्या म्हणाल्या. "तिचा बारीकसा अंश तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच अंगावर येतो. पेटी तो मोठा करते. पेटीचा पत्र्याचा तळ टेबलाला टेकलाय आणि टेबल जमिनीला जोडलंय. महाराजांचा एक हात टेबलावर, दुसरा तुमच्या कपाळावर, की तो अंश त्यांच्या अंगातून निमूट जमिनीत जातो. पेटी गप्प. इथे पाप नाही आणि पुण्यही नाही. चूक माझी. मी पेटीच्या आत पाहिलं, बाहेर काय चाललंय ते पाहिलं नाही. तेव्हा मी म्हणते म्हणूनही विश्वास ठेवू नका. काय बदललं ते विचारा आणि स्वतः करून बघा."

पोरं रांग लावून घूं करून बघू लागली. महाराजांना पेटी सोडवून घेणं मुश्कील झालं.

प्राचार्य घाम पुसत काकांपाशी आले. "काका, झालं ते झालं. आता असं करू, महाराजांना तुमच्याही कपाळावर हात ठेवू दे. पेटी गप्प राहील, सगळ्यांसमोर तुम्ही निर्दोष ठराल, विषय संपेल."



"नको साहेब," काका म्हणाले. "मी घेतलेला नाही, हे मी माझ्या तोंडाने सांगतोय. खोटं वाटत असेल तर पुरावा शोधा. कपाळ मात्र मी आता कुणापुढे करणार नाही."